साथीदार गेला, मी राहिलो: फौजींच्या मनातल्या अपराधीपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, लातूर, धाराशिव, परभणी, नांदेड, कुठलाही जिल्हा घ्या, ज्या गावातून कुणीच मिल्ट्रीत गेलं नाही असं गाव शोधावं लागेल. कोरडवाहू रान, भावकीत वाटत वाटत एकरभर राहिलेली जमीन, मग बारावी झाली की पोरं पहाटे डांबरीवर पळायला लागतात. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या तालुक्या-तालुक्याला निघाल्यात. पलटणीतला जवळचा माणूस गेल्यावर मनात जे साचतं, ते बोलायला मात्र कुठं जागा नाही.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. निवृत्तीनंतर अंबाजोगाईत राहतो. सुट्टीवर आलेली पोरं, निवृत्त माणसं, कधी त्यांच्या बायका येतात आणि इकडचं तिकडचं बोलून शेवटी जे विचारायचं ते विचारतात. तेच प्रश्न इथं उतरवलेत. उदाहरणांत दोन-तीन जणांच्या हकिकती मिसळल्यात, पोस्टा बदलल्यात. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

त्या रात्रीची सेंट्री ड्यूटी (पहारा) माझी होती. ताप होता म्हणून त्याच्याशी बदलून घेतली. तो गेला. म्हणजे मीच मारलं ना त्याला?

नाही. पण नुसत्या "नाही"नं तुमचं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर.

ड्यूटीची अदलाबदल पोस्टवर रोजची गोष्ट. कुणाचं पोट बिघडतं, कुणाला घरी फोन लावायचा असतो, कुणाचा पाय सुजतो. अशा शेकडो अदलाबदली झाल्या आणि सकाळी दोघंही चहाला हजर होते. त्या कुणाच्याच लक्षात नाहीत. एक लक्षात राहिली, कारण तिच्यामागून गोळा आला. गोळा तुमच्या तापामुळं आला नाही. समोरच्यानं डागला म्हणून आला.

मनाची एक खोड आहे. शेवट कळला की तो आधीच दिसायला हवा होता असं वाटतं. बारूक फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1975 साली यावर प्रयोग छापले. एकाच जुन्या लढाईची माहिती वेगवेगळ्या गटांना दिली आणि निकाल मात्र वेगवेगळा सांगितला. ज्याला जो निकाल सांगितला, त्याला तोच होणार हे उघड वाटलं. जेमतेम पानभर मजकुरावर हे होतं, तर सोबत जेवलेल्या माणसाच्या बाबतीत किती होत असेल.

माझ्याकडं येणाऱ्याला मी एक कागद देतो. वर लिहायचं: "ड्यूटी बदलली त्या मिनिटाला मला काय काय ठाऊक होतं?" फक्त तेवढंच, नंतर कळलेलं एक अक्षर नाही. बहुतेकांचा कागद तीन-चार ओळींत संपतो. ताप होता. तो स्वतःहून हो म्हणाला. दोन दिवस शांतता होती. यात गुन्हा कुठं आहे तो दाखवा, असं मी म्हणतो. मानसोपचारात याच धर्तीचं काम पद्धतशीरपणे, दहा-बारा बैठकांत करून घेतात. त्याचा उल्लेख पुढं येईल.

तो रात्रभर खोकत होता. मी म्हणालो, "झोप, सकाळी बघू." सकाळी तो नव्हता.

उंचावरच्या पोस्टवर राहिलेल्यांकडून मी हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐकलाय, आणि हा माझ्या खात्यातला आहे.

उंचीवर फुफ्फुसात पाणी होतं, त्याला आपण हेपो म्हणतो. उंची गाठल्यावर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तो धरतो, बहुतेक वेळा रात्री वाढतो. सुरुवात कशी होते? कोरडा खोकला, थकवा, चढताना दम. आता सांगा, पंधरा हजार फुटांवर खोकला, थकवा आणि दम कुणाला नसतो? टेंटमधले सहाच्या सहा जण खोकत असतात, एक तर केरोसीनच्या धुरानं. गुलाबी फेस यायला लागतो, ओठ निळे पडतात, तेव्हा आजार पुढं गेलेला असतो.

फौज याबाबतीत बेसावध आहे असंही नाही. 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, मग 15,000 पर्यंत चार, त्याच्या वर आणखी चार, असं टप्प्याटप्प्यानं सवय करून घेतात. यामागं 1962 चं चीनबरोबरचं युद्ध आहे. तेव्हा मैदानातली माणसं गडबडीनं वर चढवली गेली, आणि त्यातूनच आपल्या लष्करी डॉक्टरांनी उंचीच्या आजारांचा अभ्यास हाती घेतला. 1,925 जवानांवरचा त्यांचा लेख 1969 मध्ये छापून आला, तो आजही जगभर वाचतात. सगळे टप्पे नीट पाळूनही हेपो होतो, आणि सुट्टीवरून परतलेल्या जुन्या माणसालाही होतो. सियाचीनवर 1984 पासून गोळीपेक्षा थंडी, उंची आणि हिमकड्यांनीच जास्त माणसं नेलीत.

"झोप, सकाळी बघू" हे दमलेल्या माणसानं दमलेल्या माणसाला मायेनं म्हटलेलं वाक्य होतं. त्या रात्री तेच तुम्ही आणखी कुणाकुणाला म्हणाला असाल. ते उठले.

माझ्या हातात गेला. मी रक्त थांबवू शकलो नाही.

जखम कुठं होती ते आधी सांगा. मांडीच्या मधोमध असेल तर वर पट्टा आवळता येतो. जांघेत, काखेत, मानेच्या बुडाशी असेल तर पट्टा बसायला जागाच नाही. तिथं नुसता दाब देत राहायचं. मोठी रक्तवाहिनी तुटली की काही मिनिटांचा खेळ असतो, आणि पोटात किंवा छातीत आत रक्त वाहत असेल तर बाहेरून कितीही दाबा, ते ऑपरेशन टेबलावरच थांबतं. ते टेबल डोंगराच्या खाली होतं. हेलिकॉप्टरला धुकं होतं.

तुम्ही हात काढला नाहीत. त्याला शेवटी कुणाचा तरी हात लागत होता. यापलीकडं मलाही काही बोलता येत नाही.

पण हे वाटतंच का? घरी सगळे म्हणतात, "तुझा काय दोष?" तरी जात नाही.

दोन कारणं मला दिसतात.

पहिलं शिकवणीतलं. ट्रेनिंग सेंटरला पहिल्या दिवसापासून बडी जोडी, म्हणजे दोघादोघांची जोडी, लावतात. एक पळाला नाही तर दोघांना शिक्षा, एकाची रायफल घाण तर दोघं उभे. "बडीला सोडायचं नाही" हे हाडात मुरवतात, आणि त्यामुळंच लढाईत माणूस माणसासाठी उभा राहतो. बडी गेला की तीच शिकवण उलटून आपल्यावर येते. ज्याला साथीदाराचं काही देणंघेणं नव्हतं, त्याला हा त्रास होत नाही.

दुसरं जरा खोल आहे, आणि मला तेच खरं वाटतं. गोळा कुठंही पडला असता, तो तिथं पडला, हे पचवणं फार कठीण. त्यात काही अर्थ लागत नाही. "माझ्यामुळं झालं" म्हटलं की दुखतं, पण कारण सापडतं. कारण सापडलं की पुढच्या वेळी टाळता येईल असं वाटतं. माणूस लाचारीपेक्षा अपराध पत्करतो. म्हणून घरच्यांनी "तुझा दोष नाही" म्हटलं की त्याला उलट राग येतो. हातातली एकमेव काठी कुणी काढून घ्यावी तसं होतं.

हे फक्त फौजींचं नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत माळवदं खाली आली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. औसा-उमरग्याकडं आजही म्हातारी माणसं भेटतात जी सांगतात, "मी त्या रातीला अंगणात निजलो व्हतो, लेकरं आत व्हती." त्यांनी भूकंप केला नाही हे त्यांनाही कळतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 साली युद्धासारख्या प्रसंगातल्या मानसिक आघाताला आजार म्हणून आपल्या यादीत घेतलं, तेव्हा "दुसरे गेले आणि आपण वाचलो" ही बोच लक्षणांतच लिहिली होती.

माझा स्वतःवर नाही, साहेबावर राग आहे. त्यानं पाठवलं नसतं तर पोरगा गेला नसता.

अभिमन्यूची गोष्ट घ्या. कीर्तनात चक्रव्यूह रंगतो, पण नंतरचा भाग बुवा भराभर उरकतात. अर्जुन संध्याकाळी छावणीत येतो. पोरगा गेलेला. तो भावांवर तुटून पडतो: तुमची शस्त्रं काय शोभेची आहेत का? युधिष्ठिराला तर आधीपासूनच खातंय, कारण "व्यूह फोड" असं पोराला त्यानंच सांगितलं होतं. पोरगा म्हणाला होता, आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. भीमासकट सगळ्यांनी शब्द दिला होता, आम्ही मागोमाग येतो. आले होतेही, जयद्रथानं तोंडावरच अडवलं. म्हणजे हुकूम देणारा, शब्द देणारे, आणि त्या दिवशी दुसऱ्या आघाडीवर असलेला बाप, प्रत्येकाकडं स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष द्यायला पुरेसा माल होता. अर्जुनानं सगळा राग जयद्रथावर काढला आणि दुसऱ्या दिवशी त्याला मारलं. अभिमन्यू काही आला नाही.

साहेबाचा निर्णय चुकीचा असू शकतो. काही साहेब खरोखर निष्काळजी असतात, आणि तसं असेल तर ते बोललं पाहिजे, त्याचा रस्ता, म्हणजे चौकशी, खाली दिलाय. पण एक तपासा. त्या दिवशी त्याच माहितीवर तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? उत्तर "मीही पाठवलं असतं" असं आलं, तर तुमचा राग दुःखाचा आहे.

आणि साहेबही झोपत नाहीत. कारगिलमध्ये 1999 ला आपले 527 जण गेले. त्यातल्या कित्येकांना "तू पुढं हो" असं कुणीतरी म्हटलं होतं. ते म्हणणारे आज साठीच्या आसपास आहेत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी लागली. म्हणजे माझ्यावर ठपका आला का?

नाही. असा मृत्यू झाला की चौकशी लागणं ही रीत आहे. घरच्यांच्या पेन्शनसाठीही मृत्यू कुठल्या परिस्थितीत झाला हे कागदावर यावं लागतं. आर्मी रूल्स, 1954 मधला नियम 180 लक्षात ठेवा. चौकशीत तुमच्या चारित्र्यावर किंवा लष्करी नावावर डाग येण्यासारखं काही निघत असेल, तर तुम्हाला पूर्ण वेळ हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची, आपलं म्हणणं मांडण्याची संधी द्यावीच लागते. जे पाहिलं ते सांगा, जे पाहिलं नाही त्यावर अंदाज बांधू नका. अपराधीपणाच्या भरात "सगळं माझंच चुकलं" असं लिहून देणारी माणसं मी पाहिलीत. निवेदन म्हणजे कबुलीजबाब नव्हे. आणि मेलेल्या मित्राची छोटीशी चूक झाकायला खोटं सांगू नका. पुढं ते तुम्हालाच खात राहतं.

आणि खरंच माझी चूक असेल तर? मला डुलकी लागली होती.

या प्रश्नाला गोड उत्तर नाही. चूक असेल तर ती चूक आहे, आणि "तुझा काही दोष नाही" म्हणणाऱ्याचा मग तुम्हाला तिटकारा येतो, तो बरोबरच आहे.

तरी चुकीला माप असतं. सलग जागरण किती झालं होतं? माणसं कमी होती का? सेन्सर, तार, दुसरा सेंट्री, हे सगळं होतं की तुम्ही एकटेच होता? तुमचा वाटा काढा, आणि वाटा म्हणजे सगळं नव्हे. मी पाहिलेल्यांत शंभरातले शंभर स्वतःवर घेणारेच जास्त.

वाटा ठरला की पुढं काय करायचं ते ठरतं. आपल्याकडं प्रायश्चित्त म्हणतात, त्यात शहाणपण आहे: कबूल करा, भरपाई होईल तेवढी करा, मग थांबा. थांबणं लोक विसरतात. एक जण दरवर्षी भरतीला जाणाऱ्या पोरांना फुकट पळवतो आणि रात्रीच्या पहाऱ्यात जागं कसं राहायचं ते पहिल्याच आठवड्यात शिकवतो. दुसरा बारा वर्षं दारू पितोय. दोघांची चूक सारखीच होती.

पार्थिव घेऊन मीच त्याच्या गावी गेलो होतो. आईनं सगळ्यांसमोर विचारलं, "तू व्हतास ना बाबा जवळ? मग?" काय उत्तर द्यायचं?

युनिटमधून सोबत येणाऱ्या जवानावर काय गुदरतं, यावर कुणी बोलत नाही. फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर, डीजे बंद करून लावलेली देशभक्तीची गाणी, पालकमंत्री, फ्लेक्स. सलामी होते, तिरंगा घडी घालून घरच्यांच्या हातात देतात. मग गर्दी पांगते, आणि ओसरीवर ती काळी लोखंडी पेटी उतरवून घेतात, जिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव आहे. यादी वाचून सामान ताब्यात द्यायचं असतं: युनिफॉर्म दोन, बूट, मोबाईल, दाढीचं सामान, बायकोला घेतलेली आणि अजून टॅग न काढलेली शाल. सही घ्यायची असते. तेव्हा आई विचारते.

तो आरोप नसतो. तिला त्याच्या शेवटच्या तासाचा माणूस हवा असतो, आणि तो तुम्ही आहात. "होय माय, जवळ होतो" एवढं म्हणा. त्याला त्रास झाला का, असं विचारलं तर जेवढं खरं आणि सांगण्यासारखं आहे तेवढंच सांगा. खोटं रंगवू नका. "शेवटी तुझं नाव घेतलं" असं घडलेलं नसताना सांगितलं, तर तिला बरं वाटेल, पण ते तुम्हाला जन्मभर सांभाळावं लागेल. मृत्यू अपघातानं किंवा आपल्याच गोळीनं झाला असेल, तर ते सांगण्याचं काम युनिटचं आहे. तुम्ही एकट्यानं ओट्यावर ते ओझं उचलू नका.

वर्षश्राद्धाला जावं का? तोंड दाखवायची हिंमत होत नाही.

जा. एकट्यानं नको, पलटणीतला दुसरा कुणी सोबत घ्या. तुम्ही टाळलंत तर घरच्यांना वाटतं की विसरले. वीरपत्नीशी बोलताना लग्न, पैसे, सासरचं भांडण यात पडू नका; तिचं पेन्शनचं काम अडलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्यासोबत जाऊन बसा. हजार वेळा "वहिनी, माफ करा" म्हणण्यापेक्षा ती एक चक्कर तिच्या कामाची. आणि तिला कुणी "पांढऱ्या पायाची" म्हणत असेल तर तिथल्या तिथं तोंड बंद करा. फौजीचा शब्द गावात चालतो, तो इथं वापरायचा.

15 ऑगस्टला शाळेत सत्कार करतात. मला लाज वाटते.

नाही म्हणायची मुभा आहे. किंवा नारळ घ्या आणि माईकवर त्याचं नाव, गाव, पलटण सांगून खाली बसा.

दोन क्वार्टर घेतल्याशिवाय झोप येत नाही.

दारूनं झोप लागते, पण तुटकी. पहाटे तीनला डोळे उघडतात आणि तेच चित्र समोर येतं. रोजची असेल तर एकदम तोडू नका, हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची.

आई म्हणते, त्याचा आत्मा घुटमळतोय. देवरुष्याकडं नेते.

तुळजापूरला जा, पंढरीला जा, त्याच्या नावानं अन्नदान करा, मी आडवा येणार नाही. वारीत चालून हलकं झालेली माणसं मी पाहिलीत. पण चाबूक मारणारा, धूर देणारा, कोंबडं-बोकड आणि हजारो रुपये मागणारा नको. स्वप्नात मित्र येतो, हाक मारतो, हे अशा मृत्यूनंतर सर्रास होतं. तो काही मागायला येत नाही.

मोठा भाऊ आहे मी. त्याला भरतीला मीच नेलं होतं. मी फौजी नाही, तरी हेच वाटतं.

हे पान तुमच्यासाठीही आहे. आपल्याकडं ही बोच घरोघरी फिरते: बापानं जमीन राखली असती तर, आईनं हट्ट केला असता तर, भावानं फॉर्म भरला नसता तर. तुम्ही त्याला नोकरीला नेलंत. पहिल्या पगारात त्यानं घरावर स्लॅब टाकायचं बोलून दाखवलं होतं की नाही? तेही त्याच फॉर्ममुळं.

दुःख कुठं संपतं आणि आजार कुठं सुरू होतो?

महिन्याहून जास्त काळ तेच प्रसंग डोळ्यांपुढं येणं, फटाक्याला दचकून जमिनीवर पडणं, त्या विषयापासून पळणं, चिडचिड, झोप उडणं, स्वतःबद्दल सतत वाईट वाटणं, आणि त्यानं घर-काम विस्कटणं: हा आघातानंतरचा मानसिक आजार असू शकतो. शोकाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत सहा महिन्यांहून अधिक टिकून जगणं थांबवणारा शोक वेगळा आजार मानलाय. त्या समाजाची शोकाची रीत काय आहे तेही बघायला सांगितलंय.

यावर उपचार आहेत. वर सांगितलेला कागद म्हणजे त्यातल्या एका पद्धतीची बालवाडी समजा; "मीच दोषी" यासारखे अडकलेले विचार तपासायचं काम त्यात नीट करतात. सर्ट्रालिनसारख्या गोळ्या काही आठवड्यांनी लागू पडतात, आठव्या दिवशी "फरक नाही" म्हणून फेकू नका. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर, नांदेड, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, सगळीकडं मानसोपचार विभाग आहे. माजी सैनिकांना त्यांच्या आरोग्य योजनेतून, म्हणजे ईसीएचएसमधून, रेफर करून घेता येतं.

सर्व्हिसमध्ये आहे. बोललो तर मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीची श्रेणी) पडेल ना?

पडू शकते, खोटं सांगत नाही. मेडिकल बोर्ड तात्पुरती खालची कॅटेगरी देतो, काही काळ हत्यार आणि काही ठिकाणची पोस्टिंग बंद होते, मग पुन्हा तपासतात. बरे होऊन वर आलेले मी पाहिलेत. लपवून हत्यार हातात ठेवणाऱ्यांचं काय झालं, तेही पाहिलंय. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा, नाव सांगायची सक्ती नाही. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यदलांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्षही सुरू झालाय.

मरावंसं वाटतं. "त्याच्याकडं जावं" असं.

आजच सांगा, बायकोला, भावाला, कुणालाही. निवृत्तीनंतर बँकेत किंवा एटीएमवर गार्ड असाल आणि परवान्याची बंदूक घरी असेल, तर ती आजच दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाईल असं करा. त्यासाठी थेट पोलीस ठाण्यात गेलात तरी चालेल. घरात कीटकनाशकाचे डबे असतील तर तेही शेतातल्या कोठीत, किल्ली दुसऱ्याकडं. घरच्यांनी अशा माणसाला रात्री एकटं ठेवू नये, आणि "असं काही डोक्यात येतं का" असं सरळ विचारावं. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही.

टेली-मानस 14416, दिवसरात्र, फुकट, मराठीत. जीव धोक्यात असेल तर 112.

फोन लावला तर काय बोलू? शब्दच फुटत नाहीत.

"मी फौजी आहे. माझा साथीदार गेला. मला झोप येत नाही." एवढ्यावर समोरचा पुढचे प्रश्न विचारतो. रडू आलं तर फोन ठेवू नका, त्यांना सवय आहे. पहिल्यांदा लागला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा लावा.